केबिनमध्ये एकटं जायचं नाही : खान्देशातल्या युनियनच्या नव्या पुढाऱ्यासाठी

युनियनचा नवा पुढारी चांगला निघेल का, असं कुणी विचारलं तर मी त्याचं भाषण ऐकायला जात नाही. मालकाने बोलावल्यावर तो सोबत कुणाला नेतो, वर्गणीच्या पैशावर दुसरी सही कुणाची असते आणि करारातली कलमं त्याच्याखेरीज किती जणांना समजावून सांगता येतात, एवढं पाहतो. या तिन्ही ठिकाणी जो एकटा असतो, तो आज कितीही प्रामाणिक असला तरी उद्या अडचणीत येतो आणि युनियनलाही अडचणीत आणतो. माणूस फोडला जातो तो बहुतेक वेळा एकटा सापडतो म्हणून. फुटला नाही तरी फुटल्याची कुजबुज उठते आणि तिला उत्तर द्यायला जवळ साक्षीदार नसतो.

ज्यांच्यावर मंडळींनी 'आता तूच पुढं हो, भो' म्हणत जबाबदारी टाकली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जळगाव एमआयडीसीतला चटईचा किंवा पाइपचा कारखाना असो, डाळमिल असो, धुळ्यातला यंत्रमाग असो, दीपनगरच्या वीज केंद्रातलं ठेकेदाराकडचं काम असो की नंदुरबारची मिरचीची पथारी, म्हणजे मिरची वाळवायची जागा. कामाच्या तऱ्हा वेगळ्या असल्या तरी पुढाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करायचं, ते फारसं बदलत नाही.

पद घेण्याआधी

आधी स्वतःचं काम चोख ठेवा. वेळेवर हजेरी, मशीनवर हात बसलेला, रजेचा अर्ज लेखी. यामागे कारण आहे. युनियन उभी राहतेय अशी कुणकुण लागली की व्यवस्थापन पहिली फाइल तुमची काढतं. उशिराचे शेरे, न सांगता घेतलेल्या सुट्ट्या, जुने मेमो यांतून चार्जशीट तयार होते. ज्याची फाइल कोरी आहे त्याला काढायला निमित्त मिळत नाही, आणि काढलंच तर ते युनियनमुळे काढलं हे सिद्ध करणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट उधारीची. ठेकेदाराकडून, मुकादमाकडून, सुपरवायझरकडून उचल घेतलेली असेल तर पद स्वीकारण्याआधी ती फेडा. मुलीच्या लग्नाला शेठने पन्नास हजार दिले असतील तर तो शेठचा चांगुलपणाच असेल, मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण त्याच शेठसमोर पगारवाढीसाठी बसताना तुमची मान वर राहणार नाही, आणि कामगारांना ते दिसतं. दारूचंही तसंच. गेटबाहेरच्या टपरीवर संध्याकाळी बसणाऱ्या पुढाऱ्याला रात्री कोण भेटलं, याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सगळी पाळी मांडते.

वही घ्या, खात्याखात्यात फिरा

पहिले दोन-तीन महिने मागणीपत्राचं नावही काढू नका. एक वही घ्या. खातं, पाळी, नाव, गाव, कायम की कंत्राटी, किती वर्षं झाली, पीएफ कापला जातो का, पगाराची पावती मिळते का, एवढं प्रत्येकाबद्दल लिहा. शेवटी एक रकाना ठेवा : हा माणूस कुणाचं ऐकतो?

हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे कारखान्यातले गट खात्यावरून जितके पडतात तितकेच गावावरून पडतात. नशिराबादहून एका गाडीत येणारे दहा जण, असोदा-भादलीकडचे आठ जण, कुसुंब्याला खोल्या करून राहणारे बिहार-उत्तर प्रदेशातले मुलगे. प्रत्येक गटात एक असा असतो की तो फार बोलत नाही, पण त्याने मान हलवली की बाकीचे हलवतात. कधी तो जुना ऑपरेटर असतो, कधी भजनी मंडळात टाळ धरणारा आबा, कधी पॅकिंगमधली सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारी ताई. तो माणूस शोधा. मोठ्याने बोलणारा सहज सापडतो. त्याला समितीत घेतलं की पहिली सभा गाजते. तिसऱ्या सभेला मात्र तो येत नाही.

फिरताना बोलू द्या. अहिराणी बोलणाऱ्याशी अहिराणीत, लेवा पाटीदारी बोलणाऱ्याशी त्याच्या बोलीत, सातपुड्यातून आलेल्या पावरा-भिल्ल पोरांशी जमेल तितकं त्यांच्या भाषेत, यूपी-बिहारच्या मुलांशी हिंदीत. माणूस आपल्या बोलीत आला की खरं दुखणं सांगतो. प्रमाण मराठीत तो 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळा होतो.

याचा मोठा दाखला आपल्याच भागात आहे. १९७२ मध्ये शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिचा कणा होते अंबरसिंग महाराज, म्हणजे अंबरसिंग सुरतवंती. ते स्वतः भिल्ल समाजातले, त्याच शेतमजुरांत वाढलेले. शहरांतून शिकलेले तरुण कार्यकर्ते तिथे आले तेही गावांत राहिले आणि सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचं, आधी ऐकून घेतलं. सालदाराचं साल किती, मजुरी किती, गेलेली जमीन कोणाकडे, हे प्रश्न त्या ऐकण्यातून वर आले. कार्यालयात बसून मागण्या लिहिल्या असत्या तर त्यांतल्या निम्म्या राहून गेल्या असत्या.

जातीचंही मनात ठेवून चालणार नाही, उघड बोलायला हवं. समितीत सगळे एकाच समाजाचे असतील तर बाकीच्यांनी ती आपली का मानावी? नावं ठरवतानाच हे बघा. नंतर दुरुस्त करायला जाल तर ते उपकार वाटतात.

पहिलं गाऱ्हाणं लहान घ्या

नवीन युनियनची पहिली लढाई पगारवाढीची नसावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि प्लॅस्टिकच्या मशीनशेजारी उभं राहणाऱ्याला त्याहून जास्त भोगावं लागतं. तिथला पाण्याचा कूलर बंद असेल तर तेच पहिलं गाऱ्हाणं. ते सगळ्यांचं आहे, थोड्या पैशांत सुटणारं आहे आणि मालकाला 'नाही' म्हणायला लाज वाटावी असं आहे. ते सुटलं की लोकांना कळतं, मिळून मागितलं तर मिळतं.

मागायचं मात्र लेखी. बहुतेक अर्ज 'सुपरवायझर त्रास देतात, पाण्याची सोय नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी' असे असतात. असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. अर्ज असा हवा :

'एक्स्ट्रूडर खात्यातला पिण्याच्या पाण्याचा कूलर १२ एप्रिलपासून बंद आहे. खात्यात एका पाळीला २६ कामगार असतात. पाण्यासाठी गेटजवळच्या नळावर जावं लागतं आणि तेवढा वेळ मशीन सोडावं लागतं. कूलर तीन दिवसांत दुरुस्त करावा आणि तोपर्यंत प्रत्येक पाळीला पाण्याचे जार द्यावेत.'

काय, कुठे, कधीपासून, कितीजणांना, आणि नेमकं काय हवं. खाली एकट्या पुढाऱ्याची सही नको. खात्यातल्या जितक्यांच्या मिळतील तितक्या घ्या. दुसऱ्या प्रतीवर टाइम ऑफिसची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

२० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सदस्य सारखे, मिळून जास्तीत जास्त १०, आणि स्त्रियांचं प्रमाण कामावरच्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नाही. कामगाराने घटना घडल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा आणि समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा. कित्येक कारखान्यांत ही समिती कागदावर असते आणि तिच्यावरच्या 'कामगार प्रतिनिधी'लाच आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. सदस्यांची यादी लेखी मागा. एवढ्या एका अर्जाने बरंच हलतं.

नोंदणी आणि कायदा

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे काम जाणकाराला सोबत घेऊनच करायचं असतं. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यामुळे जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असलेले आकडे तपासून घ्या. सात जण मिळून नोंदणीचा अर्ज करू शकतात, पण त्या ठिकाणच्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यांतले जे कमी तितके सभासद हवेत. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद लागत. औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा एकटीचा हक्क मिळायला ५१ टक्के लागतात. तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियन मिळून वाटाघाटीची परिषद होते. म्हणजे दुसऱ्या युनियनशी भांडत बसणं आता पूर्वीपेक्षा महाग पडतं. दोघांकडे तीस-तीस टक्के असतील तर एकाच टेबलावर बसावं लागणार आहे. तर मग आधीच बसा.

बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यांतले जे कमी तितकेच ठेवता येतात. मला ही मर्यादा पटते. वकील, जुना कार्यकर्ता, कायद्याचा जाणकार बाहेरचा जरूर असावा, पण त्याने सल्ला द्यावा. गेटच्या आत रोज जाणाऱ्यानेच निर्णय घ्यावा. आणखी एक कामाची तरतूद : एकूण कामगारांच्या एक टक्का, कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १०० पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' म्हणून मान्यता मागता येते. वाद चालू असताना अशा माणसाला परवानगीशिवाय काढता येत नाही. नावं लेखी कळवा. कळवली नाहीत तर हा हक्क कागदावरच राहतो.

रेल्वे, आयुध निर्माणी यांची यंत्रणा केंद्राची आहे, तिथले रस्ते वेगळे. बाकीच्यांनी राज्याचे नियम आणि नमुने जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून घ्यावेत.

पैसा

युनियन मालकाने फोडल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो. हिशेबावरून फुटलेल्या युनियनची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात आपलीच माणसं असतात. म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

वर्गणी कमी ठेवा, पण दर महिन्याला घ्या. वर्षातून एकदा मोठी रक्कम घेण्यापेक्षा दर पगाराला थोडी बरी, कारण वर्गणी घ्यायला गेलेला प्रतिनिधी दर महिन्याला प्रत्येकाला भेटतो. ती भेट पैशापेक्षा मोलाची आहे. पावतीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. पावती पुस्तकांना क्रमांक हवेत. कोणतं पुस्तक कोणाला दिलं त्याची नोंद हवी. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, पुस्तकातच ठेवायची.

बँकेत खातं युनियनच्या नावावर. तीन सह्यांपैकी दोन लागतील अशी व्यवस्था करा आणि त्या दोघांपैकी एक खजिनदार असू द्या. अध्यक्षाच्या स्वतःच्या फोन-पेवर वर्गणी घेण्याची सवय हल्ली सगळीकडे शिरली आहे. ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. हेतू स्वच्छ असला तरी सहा महिन्यांनी घरचा गॅस कोणता आणि युनियनचं पेट्रोल कोणतं, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जमा, खर्च आणि शिल्लक एका कागदावर लिहून सूचना फलकावर किंवा डबा खायच्या जागेवर लावा. खर्चात 'इतर' असा शब्द नको. 'जळगाव कोर्ट, तीन जणांचं बसभाडं' असं लिहा. वर्षाचा हिशेब तपासून घेऊन निबंधकाला विवरणपत्र वेळेत पाठवा. तिथे हयगय झाली तर नोंदणीवर गदा येते. आणि गाडीभाडं, चहा यांचा दर सभेत मंजूर करून घ्या. रोज खाडा करून कोर्टात जाणाऱ्या पुढाऱ्याची मजुरी युनियनने भरून द्यावी, यात लाजण्यासारखं काही नाही. लपवून घेतली की मात्र लाजायची वेळ येते.

मागणीपत्र

मागण्या गोळा करायला वही पुन्हा काढा. प्रत्येक खात्यात एकच प्रश्न विचारा : तीन गोष्टी सांगा, पहिली कोणती? उत्तरं बघितलीत तर काही अनपेक्षित वर येईल. आखाजीचं उदाहरण घ्या. अक्षय तृतीयेला खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरोघरी पुरण-मांडे होतात. कारखान्याच्या सुट्ट्यांच्या यादीत ती नसते. त्या दिवशी निम्मी हजेरी गळते आणि लोकांचा पगार कापला जातो. मालकाला यादीतली दुसरी एखादी सुट्टी बदलून ती देता येते, त्याचा खर्च काही नाही. बायाबापड्यांना मात्र वाटतं, युनियनला आमचं घर कळतं. मागणीपत्रात अशी एखादी मागणी असलीच पाहिजे.

पगारवाढीचं कलम नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. वाढ दोन हजारांची ठरली. पण ती मूळ पगार व महागाई भत्त्यात पडली की 'इतर भत्ता' म्हणून पडली? मूळ पगारात पडली तर मालकाचा पीएफचा १२ टक्के हिस्सा महिन्याला २४० रुपयांनी वाढतो. ओव्हरटाइमचा दर वाढतो. ग्रॅच्युइटीचं गणित तर उघड आहे : २,००० ला १५ ने गुणा, २६ ने भागा, नोकरीच्या वर्षांनी गुणा. २० वर्षांच्या नोकरीला सुमारे २३ हजारांचा फरक पडतो. वाढीचा आकडा दोन्हीकडे दोन हजारच असतो, म्हणून कामगाराला फरक दिसत नाही. पुढाऱ्याने तो फळ्यावर मांडून दाखवायचा. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. पगाराच्या पावत्या घेऊन तेही तपासा.

टक्क्यांत वाढ मागायची की सरसकट रकमेत, हाही प्रश्न येईल. टक्क्यांत मागितली तर जुन्यांना जास्त मिळते, नव्यांना कमी. माझं मत सरसकटीकडे झुकतं, कारण तेल-डाळीचा भाव जुन्याला आणि नव्याला एकच असतो. पण निर्णय सभेचा.

समितीपुरतं मागण्यांचं तीन ढिगांत वाटप करून ठेवा : ज्यावर मागे हटायचं नाही, ज्यावर थोडं खालीवर चालेल, आणि ज्या पुढच्या करारापर्यंत थांबू शकतात. हा कागद व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. ग्रुपवरचं सगळं ऑफिसला पोचतं असं धरूनच चाला.

केबिनमध्ये

वाटाघाटीला पाच जण जा. एक बोलेल, एक लिहील, एक आकडे बघेल. बाकीचे दोघं समोरच्यांचे चेहरे आणि आपल्या माणसांचा पारा सांभाळतील. पाचांत एक बाई आणि एक कंत्राटी कामगारांतला असावा. कोण काय बोलणार हे आदल्या दिवशी ठरवा. समोर बसल्यावर आपसात मतभेद दिसला की व्यवस्थापन त्या फटीतून आत शिरतं. पटलं नाही तर सरळ म्हणा, 'साहेब, पंधरा मिनिटं बाहेर बसून येतो.' हा हक्काचा वेळ आहे, त्यात कमीपणा नाही.

तिथल्या तिथे 'हो' म्हणायचं नाही. 'सभेत ठेवतो' हे वाक्य तोंडपाठ असू द्या. बैठक संपल्यावर काय बोलणं झालं ते दोन ओळींत लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या; त्यांनी नकार दिला तर तेच मुद्दे त्याच दिवशी पत्राने कळवा.

मग एखाद्या संध्याकाळी फोन येतो.

'भाऊ, तुम्ही एकटेच या ना बंगल्यावर. पाच मिनिटांचं काम आहे. सगळ्यांसमोर बोलता येत नाही.'

'शेठ, येतो ना. संगे आबा आणि ताई असतील. बंगल्यावर नको, उद्या ऑफिसातच बसू.'

'तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?'

'तुमच्यावर आहे शेठ. पण गेटवर तीनशे लोक आहेत, त्यांना मला उद्या तोंड दाखवायचंय.'

आवाज चढवायची गरज नाही. मान राखून, ठाम बोलायचं. आणि असा फोन आला होता हे त्याच रात्री समितीला सांगायचं. मुलाला नोकरी, बढती, सुपरवायझरची खुर्ची, गावाकडच्या घराला सिमेंट, या गोष्टी पुढे केल्या जातात. पहिल्या वेळी सांगितलं तर ती बातमी असते, तिसऱ्या वेळी कळली तर तो आरोप असतो.

बाहेर आलात की 'काय व्हयनं दादा?' म्हणत लोक गोळा होतील. त्याच दिवशी, त्याच गेटवर, पाळी सुटताना सांगा. काहीच ठरलं नसेल तर काहीच ठरलं नाही हेच सांगा. दोन दिवस गप्प राहिलात तर तिसऱ्या दिवशी तुमच्याविषयीची गोष्ट दुसऱ्याच कुणी रचलेली असते.

करारावर सही करण्याआधी पूर्ण मसुदा मराठीत वाचून दाखवा, कलमागून कलम. कंत्राटी मुलांसाठी हिंदीतही. शंका घेणाऱ्याला गप्प करू नका. तो विचारतोय तेच पुढे सुपरवायझर तुम्हाला विचारणार आहे.

संप

संप हे युनियनचं शेवटचं हत्यार आहे. ते उपसायच्या आधी परत म्यान कसं करायचं हे ठरलेलं हवं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या घरातले कामगार त्यात होते आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणी दिसली नाही. ८ मे १९७४ ला सुरू झालेला देशभरातला रेल्वे संप २७ मेला मागे घ्यावा लागला. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात त्या वीस दिवसांचं ओझं किती घरांनी उचललं असेल, याचा विचार संपाचा ठराव मांडणाऱ्याने करावा. त्या कामगारांची हिंमत मोठी होती, मागण्याही रास्त होत्या. तरी सरकार किंवा मालक किती दिवस तग धरू शकतो आणि आपण किती दिवस, हे गणित हिंमतीने सुटत नाही.

तेव्हा आधी मोजा. मालकाकडे तयार माल किती दिवसांचा पडला आहे? ऑर्डरचा हंगाम कोणता? पाइपवाल्याला पावसाळ्याआधीचे महिने जड जातात, जिनिंगला कापूस आल्यानंतरचे, डाळमिलला तूर-हरभरा आल्यानंतरचे. आपल्याकडे घरात धान्य किती, किराणा दुकानदार किती दिवस उधार देईल, जूनमध्ये मुलांच्या वह्या-फीचा खर्च आहे का? गावाकडे शेती असलेला कामगार महिना काढतो. कुसुंब्याच्या खोलीत भाडं भरून राहणारा आठवडाही काढू शकत नाही. त्याच्यासाठी धान्याची सोय आधी, ठराव नंतर.

मतदान गुप्त घ्या. हात वर करून मतं घेतली की सगळे हात वर जातात, आणि चौथ्या दिवशी त्यांतले काही हात मशीनवर असतात. नोटीस दिल्यावर किमान १४ दिवस थांबावं लागतं. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. 'आजारपणाची रजा टाकू' ही जुनी युक्ती आता अंगाशी येते. बेकायदा संपात कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

गेटवर शिस्तीची माणसं नेमा, प्रत्येक पाळीला वेगळी. दारू पिऊन आलेल्याला घरी पाठवा. आत जाणाऱ्याला शिवी नाही, गाडीला हात नाही. एका दगडाने पोलीस केस होते आणि मग मागण्या राहतात बाजूला, जामिनासाठी धावपळ सुरू होते. आणि रोज संध्याकाळी समितीने एकच प्रश्न स्वतःला विचारायचा : आज काय मिळालं तर उद्या कामावर जायचं?

ज्यांना युनियनने बाहेर ठेवलं

कायम कामगारांची युनियन कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यायला कचरते. 'ते आज आहेत, उद्या नाहीत' असं म्हणतात. पण एकाच मशीनवर एक जण करारातला पगार घेतो आणि दुसरा ठेकेदाराचा, हे जितकी वर्षं चालतं तितकी कायम माणसाची जागाही कमी होत जाते. निदान एवढं लगेच करा : प्रत्येक कंत्राटी कामगाराकडे नेमणूकपत्र आहे का, त्याच्या पीएफच्या पासबुकात पैसे पडतात का, २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर ईएसआयचं कार्ड आहे का, हे फोनवर त्याच्यासमोर उघडून दाखवा. ठेकेदाराने कापले आणि भरलेच नाहीत अशी प्रकरणं याच तपासणीत सापडतात.

स्त्रियांबद्दल शहाद्याकडेच पुन्हा बघावं लागतं. तिथल्या शिबिरात मजूर स्त्रियांनी मजुरीबरोबर दारू आणि नवऱ्याची मारहाण हे प्रश्न मांडले, आणि मग त्या स्वतःच दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या, माठ फोडले. मोर्च्यात पुढे त्या होत्या. त्यांना पुढे येऊ दिल्यामुळे संघटना कमजोर झाली नाही, उलट तिची मुळं घराघरात गेली. मिरचीच्या पथारीवर दिवसभर हाताची आग सोसणाऱ्या, पॅकिंगमध्ये आठ तास उभ्या राहणाऱ्या बायांच्या मागण्या वेगळ्या असतात : संडास, हातमोजे, पाळणाघर, रात्री घरी पोचवणारी गाडी. सभा संध्याकाळी सातला ठेवली तर त्या येणार नाहीत, कारण घरी चूल वाट बघत असते. जेवणाच्या सुट्टीत ठेवा. श्रावणात घरोघरी कानबाई बसते, त्या रविवारी तर सभा ठेवूच नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी; ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे युनियनने विचारायचं. आणि छळ करणारा युनियनचाच माणूस निघाला तर त्याला पाठीशी घालायचं नाही, कितीही कामाचा असला तरी.

हमाल, मापाडी, केळीच्या गाड्या भरणारे यांच्यासाठी गेट नाही आणि मालकही एक नाही. त्यांना १९६९ चा माथाडी कायदा लागतो. तिथे मंडळात नोंदणी हे पहिलं पाऊल. डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली ती हमालांच्या रोजच्या अडचणींना हात घालत. बाजार समितीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने तो नमुना जवळून बघण्यासारखा आहे.

पक्ष आणि पुढची फळी

निवडणूक आली की सगळे पक्ष दाराशी येतात. पुढाऱ्याचा स्वतःचा पक्ष असू शकतो, त्याला कोण अडवणार? पण युनियनचा फलक, शिक्का, पैसा आणि गेट सभा प्रचाराला वापरायची नाही. तीनशे कामगारांत पाच पक्षांचे लोक असतात. सगळ्या उमेदवारांना एकच निवेदन द्या आणि उत्तरं फलकावर लावा.

पहिल्या वर्षापासूनच तिशीतले दोन-तीन जण सोबत फिरवा. कामगार कार्यालयात एकदा त्यांना बोलू द्या, तुम्ही मागे उभे राहा. अडखळतील, हरकत नाही. कायद्याचं पुस्तक, जुने करार, कोर्टाच्या तारखांची वही युनियनच्या कपाटात ठेवा. तुमच्या घरी नको. कपाटाच्या दोन किल्ल्या दोघांकडे.

दोन मुदती झाल्या की अध्यक्षपद सोडा, लोक आग्रह करत असतील तरी. निवडणूक झाल्यावर पंधरा दिवसांत सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्या : नोंदणीचं प्रमाणपत्र, शिक्का, इतिवृत्ताची वही, सभासदांची नोंदवही, उरलेली पावती पुस्तकं, बँकेची कागदपत्रं, चालू असलेल्या दाव्यांच्या फाइली आणि पुढच्या तारखा. बँकेत सह्या बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद आणि युनियनच्या ईमेलचा पासवर्डही याच यादीत येतो, तो हमखास राहतो. ज्या दाव्यांत तुम्ही साक्षीदार आहात तिथे कोर्टात जात राहा. बाकी बैठकांना नव्या समितीने बोलावलं तरच.